अर्ध्यावर सोडलेला चित्रपट: ‘सोलारिस’ आणि रसविघ्नाचा प्रश्न

कलाकृती अर्ध्यावर सोडून देणे ही आस्वादव्यवहारातील नित्याची घटना असली, तरी समीक्षेने तिची दखल क्वचितच घेतली आहे. समीक्षा ज्या वाचकाला वा प्रेक्षकाला गृहीत धरते, तो नेहमी शेवटापर्यंत पोहोचलेला असतो. मध्येच उठून जाणाऱ्याविषयी दोनच निवाडे ठरलेले असतात: एकतर त्याची अभिरुची अपुरी, नाहीतर कृती कंटाळवाणी. साहित्यापुरता हा प्रश्न काही प्रमाणात हाताळला गेला आहे. वाचताना मजकूर गाळत जाणे हा वाचनसुखाचाच एक भाग आहे, असे रोलाँ बार्थ यांनी १९७३ मध्ये सुचवले. तर दान्येल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडताना त्यांत पुस्तक पुरे न करण्याचा हक्कही गणला. चित्रपटाची गोष्ट मात्र वेगळी आहे. वाचक आपल्या गतीने वाचतो. प्रेक्षकाला दिग्दर्शकाने ठरवलेल्या काळात राहावे लागते. म्हणून चित्रपट सोडणे म्हणजे दुसऱ्याने देऊ केलेला काळ नाकारणे होय.

आंद्रेइ तारकोव्हस्की यांचा ‘सोलारिस’ (१९७२) हे या नकाराचे ठळक उदाहरण ठरावे. स्तानिस्लाव लेम यांच्या १९६१ मधील कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट पावणेतीन तासांच्या आसपास चालतो. लेम यांची कादंबरी नायक केल्विन अंतराळस्थानकाकडे निघतो तेथूनच सुरू होते. चित्रपट मात्र सुमारे चाळीस मिनिटे पृथ्वीवरच रेंगाळतो: पाण्याखाली हलणारे शेवाळ, तळ्याकाठचे घर, वृद्ध पिता, अंगणातल्या टेबलावरील चहाच्या कपात पडणारा पाऊस. त्यानंतर बर्टन या निवृत्त अंतराळवीराची मोटार एका महानगराच्या रस्त्यांवरून, बोगद्यांतून आणि उड्डाणपुलांवरून जवळजवळ पाच मिनिटे धावत राहते. हे चित्रण टोकियोत झाले आहे. याउलट पृथ्वीपासून सोलारिसपर्यंतचा प्रचंड प्रवास थोड्याशाच अवधीत आटोपतो.

विज्ञानकथेचा संकेतच येथे उलटा झाला आहे. प्रेक्षक ज्यासाठी आलेला असतो ते झरझर सरते आणि जे त्याला रोजच दिसते ते लांबत जाते. हान्स रोबेर्ट याउस यांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे अपेक्षाक्षितिजाचा भंग होतो. परंतु एवढे म्हणून भागत नाही. अपेक्षाभंगाने काही प्रेक्षक जागे होतात, काही उठून जातात. हा फरक कशामुळे पडतो, याचे उत्तर या संकल्पनेतून मिळत नाही.

या ठिकाणी अभिनवगुप्तांचे रसविघ्नविवेचन अधिक उपयोगी पडते. ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांचे वैशिष्ट्य असे की ती सर्वस्वी कृतीचे वा सर्वस्वी प्रेक्षकाचे दोष नाहीत. दोहोंच्या भेटीत ती उद्भवतात आणि ती दूर करण्याचे उपायही तेथेच सांगितले आहेत. पहिले विघ्न संभावनाविरहाचे: जे दाखवले जाते ते संभवनीयच न वाटणे. त्यावर हृदयसंवाद हा उपाय आहे. त्यासाठी विषय प्रेक्षकाच्या ओळखीचा असावा लागतो. आणखी एक विघ्न निजसुखादिविवशीभावाचे: प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून राहणे. त्यावर वाद्य, गान, सजवलेला रंगमंडप अशा रंजक साधनांचा उपाय आहे.

या दृष्टीने पाहता ‘सोलारिस’चा संथ प्रारंभ पहिल्या विघ्नाचे निवारण ठरतो. पुढे जे घडणार आहे ते लोकविलक्षण आहे. दहा वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली पत्नी, हारी, तेथील महासागराच्या प्रभावाने केल्विनसमोर पुन्हा उभी राहणार आहे. तिच्याशी हृदयसंवाद घडायचा, तर गमावण्याजोगे काही प्रेक्षकाच्याही पदरी असावे लागते. तळे, घर आणि पाऊस ते त्याच्या पदरी घालतात. पण हा उपाय करताना दिग्दर्शकाने दुसऱ्या विघ्नावरचे उपाय जाणीवपूर्वक हातचे राखले आहेत. संगीत विरळ आहे, कथानक थांबलेले आहे, संवाद त्रोटक आहेत. दिवसभराच्या विवंचना घेऊन बसलेल्या प्रेक्षकाला त्यांतून बाहेर काढणारे येथे फारसे काही नाही. एका विघ्नावरचा उपायच दुसऱ्या विघ्नाचे कारण होतो. अर्ध्यावर उठणाऱ्या प्रेक्षकाचा निर्णय नेमका या पेचातून येतो.

त्यात काळाचीही भर पडली आहे. टोकियोचे ते रस्ते १९७२ च्या सोव्हिएत प्रेक्षकाला भविष्यातील नगर वाटू शकत होते. आजच्या प्रेक्षकाला ते जुन्या मोटारींनी भरलेले ओळखीचे शहर दिसते. दीर्घ दृश्य उरले, पण त्याची विलक्षणता ओसरली. या दृश्यापाशी कोणी चित्रपट थांबवला, तर त्याला अरसिक म्हणणे अन्यायाचे होईल.

सोडून जाणाऱ्यांत मूळ लेखकाचीही गणना करावी लागते. पटकथेवरून तारकोव्हस्कींशी मॉस्कोत अनेक आठवडे वाद घालून लेम परत गेले. चित्रपट आपण पूर्ण पाहिला नसून दुसऱ्या भागाचा काही अंशच पाहिला आहे, असेही त्यांनी मुलाखतीत सांगितल्याची नोंद आहे. तारकोव्हस्कींनी ‘सोलारिस’ नव्हे तर ‘अपराध आणि शिक्षा’ निर्माण केला, हा त्यांचा आक्षेप प्रसिद्धच आहे. मानवी बुद्धीची अनोळखी सत्तेशी गाठ हा लेम यांचा विषय होता. आईवडील, घर आणि अपराधभावना यांना चित्रपटात मिळालेले स्थान त्यांना मान्य नव्हते. हा नकार अभिरुचीच्या उणिवेतून आलेला नाही. कोणता काळ कशासाठी खर्चावा याविषयीच्या गंभीर मतभेदातून तो आला आहे.

तरीही नकाराची किंमत असते आणि ती चित्रपटाच्या अखेरीस कळते. केल्विन पुन्हा त्याच तळ्याकाठी उभा दिसतो. आता पाऊस घरात पडतो आहे आणि पित्याच्या खांद्यांवर पाणी ओघळते आहे. केल्विन पित्यासमोर गुडघे टेकतो. कॅमेरा वर उचलला जातो आणि हे घर सोलारिसच्या महासागरातील एका बेटावर असल्याचे उमगते. या क्षणी प्रेक्षकाला जे आठवते ते केल्विनचे गतजीवन नसते. ती त्या चाळीस मिनिटांत जमलेली त्याची स्वतःची स्मृती असते. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या २००२ मधील ‘सोलारिस’शी तुलना केली असता हे स्पष्ट होते. सुमारे शंभर मिनिटांच्या त्या चित्रपटात पृथ्वीवरील प्रारंभ लवकर आटोपतो आणि गतजीवन स्मृतिदृश्यांतून पुरवले जाते. तेथे प्रेक्षकाला केल्विनचा भूतकाळ समजतो. तारकोव्हस्कींच्या चित्रपटात त्याला तो काढावा लागतो.

अर्थात या युक्तिवादात एक धोका आहे. शेवटाने प्रारंभाचे समर्थन होते असे एकदा मानले, की कोणताही कंटाळा माफ करता येतो. कुब्रिक यांनी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या १९६८ मधील पहिल्या खेळांनंतर त्यातील सुमारे १९ मिनिटे स्वतःच कापली, संथपणा हा अपरिवर्तनीय सद्गुण नव्हे, याची जाण त्यांनी त्यातून दाखवली. म्हणून प्रत्येक संथ दृश्याबाबत स्वतंत्रपणे विचारावे लागते: येथे खर्च झालेला काळ पुढे कोठे परत येतो? तळ्याचा, घराचा आणि पावसाचा काळ परत येतो. मोटारप्रवासाचा तितकासा येत नाही.

अर्ध्यावर सोडणारा प्रेक्षक हाच प्रश्न शब्दांवाचून विचारत असतो. तो कोठे उठला, हे समीक्षेने नोंदवले पाहिजे; कारण कृती आणि प्रेक्षक यांच्यातील विघ्नाची जागा त्यावरून सापडते. तळ्यापाशी उठणारा आणि टोकियोच्या रस्त्यावर उठणारा हे दोन वेगळे प्रेक्षक आहेत. पहिल्याने पुढे परत येणारे काहीतरी गमावले आहे. दुसऱ्याने कदाचित चित्रपटाचा एक खरा दोष दाखवला आहे.