लहानपणचे साचे आणि मोठेपणचे व्यसन

‘मी कुणालाच नको आहे’, ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’ अशा समजुती लहानपणी मनात रुजल्या, की माणूस पुढे सारे जग त्याच साच्यातून पाहू लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांनी या साच्यांना ‘स्कीमा’ म्हटले, त्यांचे १८ प्रकार पाडले आणि ते मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. हेरॉइनसारख्या अफूवर्गीय द्रव्यांच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या प्रौढांचे गुण या प्रश्नावलीत इतरांपेक्षा जास्त येतात, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. त्यावरून ‘व्यसनाचे मूळ बालपणीच्या विचारांत’ असा निष्कर्ष काढला जातो. तो आम्हाला घाईचा वाटतो.

नापास झालेल्या मुलाला निकालाच्या दिवशीच आपण विचारले, ‘तुला गणित जमते का?’ तर तो ‘नाही’च म्हणेल. ही समजूत नापास होण्याचे कारण की परिणाम, हे त्या उत्तरावरून कळत नाही. या पाहण्यांचेही तसेच आहे. नोकरी गेलेला, घरच्यांनी तोडलेला माणूस स्वतःला नालायक म्हणतो. ही भावना त्याने बालपणातून आणली की व्यसनाने त्याला दिली? प्रश्नावली एकदाच भरून घेतली, तर ते ठरवता येत नाही. त्यासाठी मुलांना लहानपणीच तपासून पुढे वीस-पंचवीस वर्षे त्यांचा मागोवा घ्यायला हवा.

दुसरी बाजू परिस्थितीची. व्हिएतनाममधून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तेथे असताना सुमारे पाचातला एक सैनिक अफू-हेरॉइनच्या आहारी गेला होता. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनी झाले. त्यांचे बालपण काही बदलले नव्हते. बदलले होते ते भोवताल.

म्हणून यंग यांची कल्पना टाकाऊ ठरत नाही. रुग्णाचे मन समजून घेताना ती उपयोगी पडू शकते. पण तिलाच एकमेव मूळ मानले, तर मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही रुग्णांचे मृत्यू कमी करणारी औषधे दुय्यम वाटू लागतात. शिवाय वर्गातल्या एखाद्या अबोल मुलावर ‘उद्याचा व्यसनी’ असा शिक्का बसतो. त्या मुलाला आपण जवळ करावे ते तो आज दुःखी आहे म्हणून. त्यासाठी भविष्य वर्तवण्याची गरज नाही.