काष्ठपापुद्र्याचा पृष्ठभाग व त्याचे मापन

व्हिनिअर खरखरीत निघाले की दोष लाकडाच्या माथी मारण्याची प्रथा कारखान्यांत रूढ आहे. संशोधनपर लेखनाने ही समजूत तपासावयास हवी होती. पण त्यातील काही भागाने तिला नकळत बळच दिले आहे. याचे मूळ मापनाच्या पद्धतीत सापडते.

सर्वसाधारण रीत अशी की, एक अणकुचीदार सुई तंतूंच्या आडव्या दिशेने पृष्ठावरून फिरवावयाची, तिच्या चढउतारांची सरासरी काढावयाची आणि मायक्रोमीटरमधील त्या एका आकड्यावरून पृष्ठाची प्रत ठरवावयाची. घासलेल्या धातूच्या बाबतीत ही रीत सोयीची आहे. लाकूड मात्र मुळातच पोकळ नलिकांचे बनलेले असते. साग वलयरंध्री असून त्याच्या प्रत्येक वाढवलयाच्या आरंभी नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढी रंध्रे असतात. पाते कितीही धारदार असले तरी सुई त्या रंध्रांत उतरणारच. पॉपलरची रंध्रे बारीक व विखुरलेली असतात. तेव्हा सागाचा आकडा मोठा आला, एवढ्यावरून त्याची कापणी वाईट झाली असे ठरत नाही. दोन जातींची तुलना करणारी कोष्टके या दृष्टीने बहुधा निरुपयोगी होत. एकच ओंडका निरनिराळ्या परिस्थितीत सोलून केलेली तुलना त्यांच्याहून पुष्कळ अधिक सांगते.

आता प्रत्यक्ष कापणी पाहू. लेथवर ओंडका पात्यावर फिरू लागला की सुटणारा पापुद्रा पात्याच्या धारेपाशी एकदम वाकतो. या वाकण्याने त्याच्या पात्याकडील अंगावर ताण पडतो व तंतूंच्या दिशेने सूक्ष्म चिरा जातात. हे अंग सैल बाजू होय. दुसरे अंग घट्ट राहते. धारेच्या किंचित आधी लाकडावर टेकणारी दाबपट्टी या चिरांना आवर घालते. दाब उणा पडला तर चिरा खोल जातात आणि अधिक झाला तर पेशी चेंगरतात. ओंडका थंड असल्यास चिरा वाढतात. वाफेने अथवा उष्ण पाण्याने तो तापविला म्हणजे ओले लाकूड मऊ होऊन वाकण्यास राजी होते. परंतु वाजवीपेक्षा अधिक तापविल्यास तंतू स्वच्छ तुटत नाहीत, लोकरीसारखे उभे राहतात. पापुद्रा जाड असला तर चिरा अधिक खोल जातात, आणि पाते बोथट झाले तर तंतू उचकटून निघतात. सागातील सिलिकेमुळे पात्याची धार लवकर जाते, हे येथे विसरता कामा नये. म्हणजे लाकडाचा वाटा नाहीच असे नव्हे. पण तो बहुतेक वेळा यंत्राच्या जुळणीतून प्रकट होतो.

सुईच्या सरासरीत या खोल चिरांचे प्रतिबिंब पुरेसे पडत नाही, ही खरी अडचण आहे. चीर मिटलेली असली तर सुई तिच्यावरून सहज निघून जाते. पुढे पॉलिश झाल्यावर, हवेतील आर्द्रतेच्या चढउताराने तीच चीर उघडते. मग दोष पॉलिशवाल्याचा ठरतो! कोणती बाजू मोजली हे न सांगता एकच आकडा देणारा निबंध या बाबतीत वाचकाची दिशाभूल करतो. शोभेच्या कामात लागोपाठचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडून जोडतात, त्यामुळे एकाआड एक सैल व घट्ट बाजू वर येते; प्रकाश दोहोंवर निराळा परावर्तित होतो आणि एकाच ओंडक्याचे पापुद्रे फिकट व गडद दिसतात. येथे डोळ्यास जे दिसते, ते आकड्यास दिसत नाही.

घटक सुटे सुटे न घेता एकत्र पाहण्याचा वस्तुपाठ जॉन लुट्झ यांच्या १९७८ च्या ग्रंथात मिळतो. ओंडक्याची निवड, कापणी व वाळवण या तिन्ही अवस्था त्यांनी एकाच प्रक्रियेची अंगे म्हणून मांडल्या आहेत. नंतरचे पुष्कळसे प्रयोग मात्र एकच घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवतात. प्रयोगशाळेत ते शक्य होते, कारखान्यात नाही. तेथे तापमान बदलले की दाबपट्टीचे अंतरही पुन्हा जुळवावे लागते.

वाळवणीकडे तर अजून कमी लक्ष गेले आहे. अतिशय उष्ण हवेत वाळविलेला पापुद्रा हाताला गुळगुळीत लागतो. पण लाकडातील द्रव्ये पृष्ठावर येऊन साचतात, पृष्ठ पाणी व सरस नीट शोषीत नाही आणि सांधा कच्चा राहतो.