कालवांचे खाद्य आणि ‘निम्मे’ या शब्दाची फसगत

कालवाचा नुकताच कवच धरलेला डिंभक जेमतेम केसाच्या जाडीएवढा असतो. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल गाळून तो पोट भरतो. म्हणून कालवांचे बीज तयार करणाऱ्या केंद्रात आधी शैवालाची शेती करावी लागते. बीजाच्या एकूण खर्चापैकी सरासरी ३० टक्के खर्च या शेतीवर होतो, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत आढळले. साहजिकच जिवंत शैवालाला पर्याय शोधला जातो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९६ साली काढलेल्या, लाव्हेन्स व सॉर्गेलूस यांनी संपादित केलेल्या जिवंत खाद्यावरील पुस्तिकेत या प्रश्नाला काही पाने दिली आहेत. साठवलेले शैवाल, वाळवलेले शैवाल, सूक्ष्म वेष्टनात भरलेले खाद्य आणि यीस्ट हे पर्याय त्यात येतात. मांडणी नेटकी आहे आणि पर्यायांचे दोष झाकलेले नाहीत. यीस्ट स्वस्त व योग्य आकाराचे असते. पण त्याची पेशीभित्तिका सहज पचत नाही. भित्तिकेवर रासायनिक प्रक्रिया केल्यावर मात्र ‘मर्सिनेरिया’ या शिंपल्याच्या पिल्लांचे निम्मे शैवाल वगळता आले व वाढ फारशी घटली नाही.

हा ‘निम्मे’ शब्द लक्षात राहतो आणि तिथेच वाचक फसू शकतो. एक तर प्रयोग पिल्लांवरचा आहे. डिंभक त्यांच्यापेक्षा कितीतरी नाजूक असतात, आणि शिंपल्याचा निष्कर्ष कालवाला जसाच्या तसा लावता येत नाही. दुसरे असे की, निम्मे शैवाल व निम्मे यीस्ट दिल्यावर झालेली वाढ यीस्टमुळे झाली की उरलेल्या शैवालामुळे? हे ठरवायला नुसत्या निम्म्या शैवालावर ठेवलेला तिसरा गट हवा. अशा प्रत्येक आकड्याला हा प्रश्न विचारायलाच हवा.

पुस्तिकेतील वर्गीकरणाबद्दलही तक्रार आहे. खाद्य कसे तयार केले यावरून पर्यायांचे गट पाडले आहेत. डिंभकाच्या दृष्टीने ते पाडायला हवे होते. कण गिळता येतो का, तरंगत राहतो का, पचतो का, लांब साखळीची आवश्यक मेदाम्ले देतो का, या त्याच्या कसोट्या. ‘ड्युनॅलिएला’ हे शैवाल जिवंत असूनही निकृष्ट खाद्य ठरते, कारण त्यात ती मेदाम्ले नसतात. म्हणजे नुसते ‘जिवंत’ असणे पुरेसे नाही.

पुढे शैवालाची घट्ट पेस्ट बाजारात आली आणि वापरातही रुळली; यीस्टने शैवालाची जागा घेतली नाही. पेस्ट हे शेवटी शैवालच आहे, हे ध्यानात घेतले की यात नवल वाटत नाही.

वर्गात नियंत्रित प्रयोग शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. तिसरा गट कोणता, हे मात्र विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.