सास्तीची खाण आणि दोन कपाटांतली पुस्तकं

गुडीहत्नूरला महामार्ग सोडून पूर्वेला वळलं की इंद्रवेल्ली लागतं, पुढं उटनूर. हा सगळा गोंड-कोलामांचा डोंगरी मुलूख. त्याच्याविषयी काही विचारलं की आपल्याकडं एकच पुस्तक पुढं केलं जातं : फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचं १९४८ चं, आदिलाबादच्या राजगोंडांवरचं. पुस्तक थोर आहे, वाद नाही. पण त्याच्या उपशीर्षकातच 'भाग १ : पुराणकथा आणि विधी' असं आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं? जमीन कुणाच्या हातून कुणाकडं गेली, हे पाहायचं तर त्यांचे निजाम सरकारसाठीचे अहवाल, म्हणजे १९४५ चं 'ट्रायबल हैदराबाद', उघडावं लागतं. देव एका पुस्तकात, पट्टे दुसऱ्यात. आपण पहिलंच वाचतो आणि केस्लापूरच्या नागोबावर, परधानांच्या किकरीवर सुंदर लेख लिहितो.

आणि कोळसा? तो तर तिसऱ्याच कपाटात. १९०९ च्या हैदराबाद संस्थानाच्या गॅझेटिअरात राजुरा तालुक्यातल्या सास्ती-पावनीच्या कोळशाची नोंद आहे. हा तालुका तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होता. १९५६ ला तो नांदेडात गेला, १९५९ ला चांद्यात. झालं! सास्ती चंद्रपूरकरांची झाली. इकडचे लोक येल्लंदूपासून सुरू करून बेल्लमपल्लीवर येतात. मधल्या माणिकगडच्या डोंगरातले कोलामगुडे कुणाच्याच इतिहासात नीट बसत नाहीत. आजही जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात.

एक वाक्य मात्र आता पुरे झालं : 'आदिवासी सुखात होते, मग खाणी आल्या.' हा क्रमच चुकीचा. कोलामांची उतारावरची फिरती शेती मोडली ती राखीव जंगलानं. १९४० ला जोडेघाटला कुमरम भीम पडले, तेही जंगल-जमिनीच्या भांडणात. आणि हायमेनडॉर्फ मारलवाईत राहून टिपणं घेत होते, तेव्हा त्याच जिल्ह्यात बेल्लमपल्लीच्या खाणी चालू होत्या. म्हणजे जंगलखात्याची हद्द, सावकाराचा कागद आणि कोळशाची गाडी एकाच काळातल्या गोष्टी. त्यांना वेगवेगळ्या काळांत बसवलं आपण, वाचणाऱ्यांनी.

पुढच्या बैठकीला १९४८ चं पुस्तक आणाच. शेजारी १९४५ चे अहवाल ठेवा, आणि जिल्ह्याचा नकाशा १९५६ च्या आधीचा, राजुऱ्यासकट.