कामगार-व्यवस्थापन सहकार्य आणि व्यूहात्मक नियोजन : वीज संपाच्या निमित्ताने एक चिकित्सा

शासकीय उपक्रमांत कामगार-व्यवस्थापन सहकार्याची व्यूहात्मक नियोजनाशी सांगड घालावी, असा आग्रह व्यवस्थापनशास्त्रात वारंवार धरला जातो. अमेरिकेत १९९३ साली खात्यांना नियोजन-आराखडे बंधनकारक करणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने संघटनांशी भागीदारीही सुरू झाली. २००१ मध्ये बुश यांनी तो आदेश रद्द केला. आराखडे राहिले, भागीदारी गेली.

आपल्याकडे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४३-क द्वारे व्यवस्थापनातील कामगारांच्या सहभागाचे तत्त्व स्वीकारले. प्रत्यक्षात औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील कार्य समित्यांचे काम सलोखा राखणे एवढेच होते. उपक्रमाच्या भवितव्याची चर्चा त्यांच्या कक्षेत नव्हती. ही उणीव किरकोळ नव्हे, हे महापे परिसराच्या उदाहरणावरून दिसते.

राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहातील कंपनीने नवी मुंबईसह लगतच्या भागांत समांतर वितरण परवान्यासाठी राज्य विद्युत नियामक आयोगाकडे अर्ज केला. विद्युत अधिनियम, २००३ तशी मुभा देतो. महापे येथील औद्योगिक ग्राहक चढ्या दराने वीज घेतात व त्यातून शेतीपंपांच्या सवलतीचा काही भार उचलला जातो. असे ग्राहक गेल्यास उरलेल्यांचे काय, हा संघटनांचा प्रश्न होता. तो वेतनाचा नव्हता. तो कोणत्याही नियोजन-आराखड्यात पहिल्या पानावर असावयास हवा होता. तथापि ४ जानेवारी २०२३ रोजी तिन्ही वीज कंपन्यांतील कर्मचारी, अधिकारी व अभियंते ७२ तासांच्या संपावर गेले. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी झालेल्या बैठकीनंतर संप मागे घेण्यात आला. खासगीकरणाचा विचार नाही व कंपन्यांत तीन वर्षांत ५० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक केली जाईल, असे शासनाने सांगितले.

गुंतवणुकीचा हा आकडा नियोजनाचा आहे, पण तो संपाच्या टेबलावर उच्चारला गेला. सहकार्याचे पुरस्कर्ते याला संवादाचा विजय म्हणतील. मला तसे वाटत नाही. मंत्र्यांचे आश्वासन हे व्यवस्थापनाशी झालेले सहकार्य नव्हे. उलट त्यामुळे कंपनीचे व्यवस्थापन आणि संघटना दोघेही नियोजनाच्या बाहेरच राहतात. संघटनांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे : कंत्राटी कामगारांना कायम करण्याची त्यांची मागणी होती, परंतु नियोजनाच्या बैठकीत त्या कामगारांची खुर्ची कोठे असेल, हे त्यांनी अद्याप ठरवावयाचे आहे.