व्यासपीठावरची कविता आणि आपले हसू

आपल्या समाजात कविता लिहिणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. ऐकणाऱ्यांचा मात्र नेहमी असे. त्यामुळे शेजारच्या एका धर्मग्रामातील युवकांनी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस काव्यसंध्या योजून आम्हाला निमंत्रण धाडले, तेव्हा अर्ध्या रिकाम्या सभागृहाची मनाशी तयारी ठेवूनच आम्ही गेलो. अंदाज साफ चुकला. खुर्च्या भरून मुले भिंतीला टेकून उभी होती आणि दोन तासांत चौदा जणांनी आपल्या कविता म्हटल्या. शेवटी कौतुकाचे चार शब्द बोलून आम्ही परतलो. परंतु त्या संध्याकाळी असे काही घडले की ते केवळ कौतुकावर मिटवू नये असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमंत्रणपत्रिकेवर ‘स्पोकन वर्ड’ हे शब्द होते. हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. शिकागो शहरातील मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम-कामगार कवीला तेथील काव्यवाचने निर्जीव वाटत. त्याने 1986 साली ग्रीन मिल या जॅझ-क्लबमध्ये कवितेची चुरस सुरू केली. परीक्षक विद्वान नव्हते; समोर बसलेल्यांतूनच पाच जण निवडायचे, त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, सर्वांत वरचा व सर्वांत खालचा आकडा गाळायचा, आणि कवीला वेळ तीन मिनिटांचा. कविता प्राध्यापकांच्या हातून काढून सामान्य श्रोत्याच्या हाती द्यावी, हा त्यामागचा हेतू. गेल्या दशकात ध्वनिचित्रफितींच्या वाटेने ही पद्धत मुंबईतील इंग्रजी-हिंदी तरुणांमध्ये रुजली आणि आता विरारच्या गाडीने आपल्याकडेही उतरली आहे. आमच्या युवकांनी तीन मिनिटांचा नियम उचलला. गुणांऐवजी टाळ्यांच्या आवाजावर पारितोषिक ठरवले.

नाव परके असले तरी गोष्ट परकी नाही. ज्ञानेश्वरी आधी सांगितली गेली, मग उतरवली गेली, आणि तिच्यात समोरच्या श्रोत्यांना पदोपदी संबोधिले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. सतराव्या शतकातील त्याच्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज हाती नाही. तरीही ते टिकले, कारण लोकांनी ते हाताने उतरवून घेतले आणि देवळादेवळांतून मोठ्याने वाचले. पुढे 1923 साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायनाची आवड लावली. त्यानंतरच्या काळात विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगाव एकत्र फिरून नुसत्या काव्यवाचनाने सभागृहे भरून दाखवली. तिघांची वाचनाची रीत एकमेकांहून वेगळी होती, हे येथे विशेष ध्यानात घ्यायचे.

त्या संध्याकाळच्या कलावंतांविषयी पहिली तक्रार नेमकी येथेच आहे. चौदापैकी निदान आठ जणांचा आवाज एकच होता. ओळीच्या अखेरीस स्वर उंचावायचा, शेवटच्या शब्दाआधी श्वास रोखायचा, मग तो शब्द जवळजवळ कुजबुजीत सोडायचा, आणि उजवा हात हवेत उघडायचा. ही लकब चित्रफितींतून आलेली आहे. लकबींचे दुखणे जुनेच. आचार्य अत्रे यांनी 1925 साली ‘झेंडूची फुले’ लिहून आपल्या काळातील कवींच्या लकबींची यथेच्छ टर उडवली होती. आज ते असते तर त्यांना कच्चा माल कमी पडला नसता.

या रीतीचा सर्वांत कुशल प्रतिनिधी म्हणजे महाविद्यालयात शिकणारा एक तरुण. त्याची कविता आईविषयी होती. मित्र मागे हळुवार गिटार वाजवीत होता. या मुलाकडे गुण पुष्कळ आहेत. त्याची कविता मुखोद्गत होती, उच्चार स्वच्छ होते, आणि मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचत होता. पण आईचे हात कसे होते, ती काय काम करीत असे, ती रागावली तर काय म्हणे, यांतले काहीही त्या तीन मिनिटांत आम्हाला कळले नाही. कळले ते इतकेच की त्याला भरून आले आहे. शब्दांच्या आधीच त्याचा गळा दाटत होता. कवीचा गळा दाटला की श्रोता कवीकडे पाहू लागतो आणि कविता बाजूला राहते. या तरुणाने गिटारीशिवाय आणि हात खिशात घालून तीच कविता एकदा म्हणून पाहावी. जे उरेल तेवढीच त्याची कविता. ती उरेल, असा आमचा विश्वास आहे.

उलट टोकाला होते एक निवृत्त शिक्षक. त्यांनी वृत्तबद्ध कविता जुन्या चालीवर गायिली. यती कुठे, श्वास कुठे, हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि तरुणांनी त्यांच्याकडून एवढे तरी शिकावे. परंतु चाल इतकी परिचित होती की दुसऱ्या कडव्यापासून श्रोते मान डोलावू लागले आणि अर्थ ऐकायचे थांबले. आम्हीही डोललो. कविता कशावर होती हे आज आम्हाला आठवत नाही.

मुंबईतील रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेची कविता कागदावर बहुधा सर्वांत बांधेसूद असावी. पहाटे चार वाजता वॉर्डात ऐकू येणाऱ्या आवाजांची ती केवळ नोंद होती. त्यात रडणे नव्हते, उपदेश नव्हता. मात्र सुरुवातीलाच त्यांनी आपल्याला नीट वाचता येत नाही म्हणून क्षमा मागितली आणि मग ते खरे करून दाखवले. तोंड ध्वनिक्षेपकापासून हातभर दूर, डोळे कागदात, ओळीमागून ओळ घाईने. कवितेच्या आधी क्षमा मागणे हा नम्रपणा वाटतो. परिणामी मात्र श्रोत्याने ऐकण्याआधीच मन आवरून घ्यावे, अशी सूचना त्यातून जाते. त्यांनी ती कविता पुन्हा, सावकाश, कुणापुढे तरी वाचावी अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहावयास घेतले, त्याकडे वळतो.

बाराव्या क्रमांकावर पन्नाशीच्या एक शेतकरी बाई उठल्या. रोज वाडीतली भाजी बाजारात नेणाऱ्या. हातात कागद नव्हता. त्यांनी सामवेदीत, म्हणजे आपण घरी जिला कादोडी म्हणतो त्या बोलीत, कविता सुरू केली. विषय होता बुजवलेल्या बावखलाचा. वसईच्या वाचकाला बावखल सांगायला नको. इतरांसाठी एवढेच की ही आमच्या वाड्यांमधली जुनी तळी. पावसाचे पाणी त्यांत साठे, भोवतालच्या विहिरींना पाझर फुटे आणि रहाट चाले. जमिनीला भाव आला तशी त्यांतली अनेक भराव टाकून बुजवली गेली.

पहिल्या कडव्यात बाईंनी बावखलाला शेजारच्या म्हातारीसारखी हाक मारली होती आणि न सांगता कुठे गेलीस म्हणून विचारले होते. सभागृहात हशा पिकला. दुसऱ्या कडव्यात भरावाखाली काय काय गेले त्याची यादी होती: धुण्याचा दगड, बुडालेली कळशी, बदकांची वाट. प्रत्येक घरगुती शब्दाला हशा वाढत गेला. कुणी शिट्टी वाजवली. आणि लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे: पहिल्या रांगेत बसलेले आम्हीही हसलो.

अशा वेळी व्यासपीठावरच्या माणसापुढे दोन सोप्या वाटा असतात. ओशाळून घाईने संपवायचे, किंवा हशा पदरात पाडून घेत तोंड वेडेवाकडे करून विनोदी नक्कल करायची. दुसऱ्या वाटेला टाळ्याही मिळतात. बाईंनी दोन्ही टाळल्या. त्या थांबल्या. हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. हशा ओसरू दिला आणि यादीची पहिली ओळ त्याच आवाजात, त्याच चालीने पुन्हा म्हटली. इतकी साधी कृती आणि इतकी अवघड. त्या रात्री सादरीकरण या शब्दाला पात्र असे काही आम्ही पाहिले असेल तर ते हेच.

तिसऱ्या कडव्यात 2018 च्या जुलैतला पूर आला. त्या पुरात घरात पाणी न शिरलेली माणसे त्या सभागृहात थोडीच असतील. कवितेतली म्हातारी आपले घर शोधत शोधत रात्री दाराशी येते, उंबरा ओलांडते. घरातली बाई तिला ओळखते. हाकलत नाही, बसायला पाट ठेवते आणि तिची क्षमा मागते. एवढे म्हणून कविता संपली. बाई खाली उतरल्या. टाळ्या वाजल्या नाहीत. काही क्षण पंख्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

ती शांतता हेच त्या कवितेचे पारितोषिक होते. पण ती फार काळ टिकू दिली गेली नाही. सूत्रसंचालकाने घाईने ध्वनिक्षेपक उचलला, वातावरण जड झाले असे म्हणत त्याच बोलीत एक चुटका सांगितला, आणि सभागृह सुटका झाल्यासारखे हसले. शेवटी टाळ्यांच्या मोजमापात आईवरच्या कवितेने बाजी मारली. निकालाविषयी आमची तक्रार नाही. नियम तसा होता. तक्रार आहे ती त्या चुटक्याविषयी आणि आमच्या स्वतःच्या हसण्याविषयी.

आपण का हसलो? कविता विनोदी नव्हती. हशा शब्दांना होता, आणि शब्द तर आपल्याच आजीचे होते. कारण असे दिसते की व्यासपीठावर बोली आली म्हणजे प्रहसन आले, असे आपण वर्षानुवर्षे ठरवून टाकले आहे. स्नेहसंमेलनात बोली बोलतो तो भोळसट काका किंवा भांडकुदळ म्हातारी. गंभीर बोलायचे झाले की आपण प्रमाण मराठीचा कोट चढवतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 नंतरच्या काळात, आपली उपासना मराठीत आली आणि तिने आपल्याला समृद्ध केले. पण ती छापील मराठी. बोली स्वयंपाकघरातच राहिली. आज घरातही ती मुलांच्या कानी कमी पडते. म्हणून त्या हशात कुचेष्टेपेक्षा संकोच अधिक होता, आणि खरे सांगायचे तर थोडी मायाही होती. पण मायेने हसलो म्हणून बोलणाऱ्याचा अपमान कमी होत नाही.

बोलीला दुःख पेलत नाही असे कुणी म्हणेल, तर त्याने आपल्या लग्नगीतांत लेकीची पाठवणी ऐकावी. महाराष्ट्रापुढे तर याहून मोठे उदाहरण आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्या आपल्या बोलीत ओव्या रचीत आणि घरातली मंडळी त्या उतरवून घेत. त्या 1951 साली गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. त्या शब्दांना मराठी वाचक हसला नाही. तो थक्क झाला. फरक बोलीत नव्हता, ऐकणाऱ्याच्या तयारीत होता.

आम्ही स्वतः दर रविवारी लोकांसमोर उभे राहून बोलतो. सेमिनरीत असताना आवाज कुठे चढवावा, कुठे थांबावा याचे धडे गिरवले आहेत. तीस वर्षांच्या सवयीने कोणत्या वाक्याला मंडळी हसतील हेही आता कळते, आणि प्रवचन रेंगाळू लागले की आम्हीही एखादे वाक्य बोलीत टाकून हशा मिळवतो. त्या बाईंना ज्या हशाशी झगडावे लागले तो आमच्यासारख्यांनीच शिकवलेला आहे, हे त्या रात्री घरी परतताना प्रथमच ध्यानात आले. पुढच्या रविवारी असे एक वाक्य तोंडाशी आले होते. ते आम्ही गिळले.

संयोजक युवकांना निराश करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्यांनी भरवलेले सभागृह आम्हाला एवढ्या वर्षांत भरवता आले नव्हते. पुढच्या वेळी त्यांनी एवढे करावे: प्रत्येक कवितेनंतर निवेदकाने अर्धे मिनिट काहीही बोलू नये. ध्वनिक्षेपकाची उंची आणि अंतर आधीच एकेकाला दाखवून द्यावे, म्हणजे रात्रपाळीच्या कविता हवेत विरणार नाहीत. टाळ्यांवरचे पारितोषिक हवे तर ठेवावे. पण निदान एक कविता बोलीतली असावी आणि ती पहिल्या तिघांत घ्यावी, सभागृह अजून थट्टेच्या रंगात आलेले नसते तेव्हा.

आणि त्या बाईंना पुन्हा बोलवावे. त्यांच्याकडे आणखी कविता आहेत, असे त्यांच्या शेजारणीकडून कळले. पण लिहून ठेवलेली एकही नाही. कुणा नातवाने वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. आम्हीही पुढच्या वेळी जाणार आहोत, पहिल्या रांगेतच बसणार आहोत.