दिवाभीताचे छायाचित्र : पुरावा आणि पराक्रम

घुबडास आपल्या भाषेने ‘दिवाभीत’ म्हटले आणि त्याच्या घूत्कारास अपशकुन मानले. कॅमेऱ्याने त्याच पक्ष्यास रूपवान ठरविले, हे कॅमेऱ्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु घुबडाच्या छायाचित्राचे मोल केवळ रूपावरून ठरवावे काय?

या कलेतील अग्रगण्य नाव म्हणजे इंग्रज छायाचित्रकार एरिक हॉस्किंग (१९०९–१९९१). १९३७ साली वेल्समध्ये घुबडाच्या घरट्यानजीकच्या आडोशाकडे जात असता त्या पक्ष्याने झडप घातली आणि हॉस्किंग यांना डावा डोळा गमवावा लागला. तरीही त्यांनी पक्ष्यास दोष दिला नाही, की हे काम सोडले नाही. १९७० सालच्या त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षक ‘ॲन आय फॉर अ बर्ड’ असे आहे. पक्षी पाहणारी नजर आणि पक्ष्यापायी दिलेला डोळा, हे दोन्ही अर्थ त्यात सामावले आहेत.

पंख उभारलेल्या, चोचीत भक्ष्य धरलेल्या गव्हाणी घुबडाचे त्यांचे चित्र राजचिन्हासारखे भासते. तथापि त्यात एक उणीव जाणवते : त्या चित्रात रात्र नाही. विजेच्या झोताने पिसान्‌पीस उजळते, मागे उरते ती सपाट काळी पार्श्वभूमी. ज्या अंधारात हा पक्षी नि:शब्द उडतो, तो अंधार चित्राबाहेरच राहतो. शिवाय घरट्याशी टिपलेल्या चित्रांत पक्षी येतो तो पिलांच्या ओढीने. त्या ओढीवर कलावंताची कीर्ती उभी असते, हे रसिकाने विसरू नये.

याउलट उदाहरण आपल्या खानदेशातील. रानपिंगळ्याचा १८८४ नंतरचा एकमेव नमुना १९१४ साली गुजरातेतील मांडवीजवळ मिळविल्याचा कर्नल माइनर्ट्‌झहागन यांचा दावा होता. तो नमुना जुनाच, चोरलेला व नव्याने भरलेला असल्याचे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी दाखवून दिले. अस्सल नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेता नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना जिवंत पक्षी गवसला. तब्बल ११३ वर्षांनंतर! त्या वेळची छायाचित्रे व चित्रफीत कलादृष्ट्या कशीही असोत, खोट्या पेंढ्याने निर्माण केलेला भ्रम जिवंत पक्ष्याच्या चित्राने पुसला, आणि त्यासाठी पक्ष्याचा प्राण घ्यावा लागला नाही. नमुन्यापेक्षा चित्र श्रेष्ठ ठरते ते येथे.

मात्र पुरावा मिळाला की मागोमाग पराक्रमाची हौस येते. ध्वनिमुद्रित हाक ऐकविली की हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून रानपिंगळा पुढे येतो. गणना करणारा अभ्यासक हेच साधन मोजून वापरतो. हौशी मनुष्य चांगल्या चित्रासाठी तीच हाक पुन्हा पुन्हा वाजवितो. भक्ष्य व पिले सोडून पक्षी भिंगाकडे टक लावून बघतो, आणि त्या भेदक नजरेची आपण वाहवा करतो! वस्तुत: ती नजर पुष्कळदा त्याच्या अस्वस्थतेची साक्ष असते.

म्हणून आमच्या मते, चित्र कसे मिळविले हे जाणल्याविना त्याची समीक्षा अपुरी होय. घुबड आपल्याकडे न पाहता आपल्या उद्योगात गढलेले दिसेल, ते चित्र थोडे धूसर असले तरी श्रेष्ठ मानावे. आणि जाता जाता : रानपिंगळा दिवसाढवळ्या वावरतो, दिवसा शिकारही करतो. ‘दिवाभीत’ हा शब्द त्याने केव्हाच खोटा पाडला आहे. त्याला भिण्याजोगे काही उरले असेल, तर ते आपणच.